स्वस्ताईचा मोबदला

दूरचित्रवाणीच्या पाठीमागे, जिथे झाडूचा अंमल सहसा पोचत नाही आणि धूळ व तारा यांचेच निर्वेध राज्य चालते, तिथल्या एचडीएमआयच्या खाचेत बोटाएवढी एक स्टिक खोचून द्यावी आणि तिने दशदिशांचे चित्रपट दिवाणखान्यात आणून हजर करावेत, ही किमया आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचे नवल संपून तिच्या किमतीविषयीची घासाघीस तेवढी उरली आहे. २०१७ साली ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक हिंदुस्थानात आली ती ३,९९९ रुपयांना. आणि २०२२ मध्ये ॲपलने जी टीव्ही फोर-के नावाची काळी चौकोनी डबी आणली, तिच्या सर्वांत स्वस्त प्रकारालाच १४,९०० रुपये पडत. चित्रपट मात्र दोन्हींतून तेच! मग वरच्या दहा-अकरा हजारांचा मोबदला कोणता, असा सवाल कोणाही हिशेबी गृहस्थाच्या मनात उभा राहिला, तर तो रास्तच म्हटला पाहिजे.

पहिला मोबदला म्हणजे तत्परता. स्वस्त स्टिक काही महिने जुनी झाली, की रिमोटचे बटण दाबले तरी पडद्यावरची चौकट जागची हलत नाही. आपला हुकूम पोचलाच नसावा अशा समजुतीने आपण पुन्हा दाबतो, आणि मग दप्तरात तुंबलेली दोन्ही फर्माने एकदमच अमलात येऊन आजीच्या कीर्तनाऐवजी शेजारचा मारधाडीचा चित्रपट सुरू होतो. त्या पहिल्या स्टिकमध्ये साठवणुकीची जागा अवघी ८ जीबी, आणि तीतलाही वाटा यंत्रणेनेच आधी बळकावलेला. त्यामुळे नवे ॲप आत घ्यायचे तर जुन्या एखाद्याची रवानगी केल्यावाचून गत्यंतर नसे. ॲपलच्या डबीत हीच जागा ६४ जीबींची.

चित्राच्या दर्जाची गोष्ट मात्र निराळी आहे. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६० बिंदू असतात खरे; पण आपल्याकडील कित्येक घरांत भिंतीवर असलेल्या बत्तीस इंची पडद्याची धाव बहुधा १३६६ गुणिले ७६८ पर्यंतच असते, आणि अशा पडद्याला महागडी डबी जोडणे म्हणजे अरुंद बोळातून अंबारीसह हत्ती नेण्याचा हट्ट होय. शिवाय नेटफ्लिक्ससारखी संस्था हे वैभव सर्वांत वरच्या वर्गणीदारालाच देते. डिसेंबर २०२१ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ती वर्गणी दरमहा ६४९ रुपये, आणि इंटरनेटचा वेग सेकंदाला निदान १५ मेगाबिट असावा, ही अट वेगळीच.

परंतु ज्या रकमेची पावती मिळत नाही ती याहून महत्त्वाची. स्वस्त यंत्र स्वस्त का, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या मुखपृष्ठावरच झळकत असते. स्टिक सुरू करताच अर्धा पडदा व्यापणारी जी जाहिरात सामोरी येते, ती तुमच्यासाठी नसून तुमच्यावर आहे. अमेरिकेतील रोकू ही कंपनी तर अलीकडे यंत्रांच्या विक्रीत तोटा सोसून जाहिराती आणि वर्गण्यांतील हिस्सा यांवर आपली कमाई उभी करते. म्हणजे, खरेदीच्या दिवशी जी किफायत पदरात पडली असे आपणांस वाटते, तिची वसुली रोज संध्याकाळी आपल्या लक्षातून, थोडी थोडी आणि बिनबोभाट, होत राहते.

म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपला पडदा, आपली वर्गणी आणि आपली सहनशक्ती या तिघांची झडती घ्यावी. पडदा लहान आणि पाहणे रात्रीच्या एखाद्या चित्रपटापुरते असेल, तर स्वस्त स्टिकच घ्यावी, आणि तीत कमीपणा मानू नये. पण पडदा मोठा असेल, घरातली सारी माणसे दिवसभर त्यासमोर बसत असतील आणि घरात शिरलेली जाहिरात आगंतुकाइतकी सलत असेल, तर महाग डबी हीच अखेरीस स्वस्त पडते.