खुब्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन : आधी फट मोजून घ्या

आज द्राक्षावर नाही, खुब्यावर लिहितोय. या महिन्यात तिघांचे फोन आले, दुर्बिणीतून करू का म्हणून.

माझं 47 व्या वर्षी झालं, त्याला आता आठ वर्षं झाली. ट्रॅक्टरवर चढताना जांघेत कळ यायची. खुब्याच्या वाटीच्या काठाला एक मऊ गादी असते, पंपाच्या ऑइल सीलसारखी. ती फाटली होती, आणि मांडीच्या हाडाच्या मानेवरचा उंचवटा तिला घासायचा. बारीक भोकांतून गादी शिवली, उंचवटा तासला. काही आठवडे कुबड्या होत्या, खरड छाटणी त्या साली भावानंच उरकली. आज चालणं, फवारणी, मोटरसायकल सगळं होतं. उकिडवं बसून खुरपणं मात्र जमत नाही, बसलो तर रात्री सांधा बोलतो.

चुलतभावाचं साठीत झालं. चार महिने बरं वाटलं, आणि दोन वर्षांच्या आत सांधाच बदलावा लागला. खर्च दोनदा, कुबड्या दोनदा. त्याच्याही एमआरआयमध्ये गादी फाटली असंच होतं. पण आतली कूर्चा झिजलेली होती आणि फट किती उरली हे कुणी मोजलंच नाही. बेअरिंग गेल्यावर नुसतं सील बदलून पंप किती दिवस चालणार?

पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं एक अभ्यास वाचून दाखवला. अमेरिकेत 2012 साली छापलेला, पन्नाशीच्या पुढचे 153 पेशंट. सांध्यातली फट 2 मिलिमीटरपेक्षा जास्त असलेल्यांत तीन वर्षांनी 90 टक्के लोकांचा स्वतःचा सांधा टिकलेला. 2 किंवा त्याहून कमी असलेल्यांत 57 टक्केच. म्हणजे नुसत्या वयावर जाऊ नका, फट बघा. आणि गादी फाटलेली तर काहीही न दुखणाऱ्या माणसाच्या एमआरआयमध्येही दिसते, तेवढ्यावर घाई नको. आधी काही महिने व्यायाम मनापासून करा.

हे आपल्यालाच जास्त लागू. खुब्याची झीज शेतकऱ्यांत जास्त आढळते, इंग्लंड-स्वीडनमध्ये तपासून पाहिलंय.

फट फारच कमी असेल तर दुर्बिणीचा खर्च वाचवा, सांधा बदलायचं कधी ते डॉक्टरांशी बोला. आणि मला विचारायचं तर एक्स-रेची फिल्म घेऊनच या, फोनवर 'फाटलंय म्हणतात' एवढ्यानं मला काय कळणार. दुपारी बागेतच असतो.