वीतभर विमान

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं दोघां भावांनीं मिळून एक विमान बांधिलें. तें उडत नाहीं, त्याचा आवाज होत नाहीं, आणि आमच्या अभ्यासाच्या मेजावर भूगोलाच्या पुस्तकाशेजारीं तें सहज मावतें. तथापि त्या विमानापायीं आम्हांस जें कळलें तें शाळासोबत्यांस सांगण्याजोगें आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहों. आमच्यापैकीं एक नववींत व दुसरा सातवींत आहे. परंतु विमान दोघांचें असल्यामुळें लेखही दोघांचाच समजावा.

विमानाचें नांव हॉकर हरिकेन. सिडनी कॅम या इंग्रज रचनाकारानें त्याचा आराखडा केला व ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं तें प्रथम आकाशांत गेलें. एकट्या वैमानिकास बसण्यापुरती जागा, नाकांत बारा सिलिंडरांचें मर्लिन इंजिन, आणि पंखाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अंतर ४० फूट. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत जी लढाई झाली तिच्यांत स्पिटफायर विमानाचें नांव अधिक गाजलें. पण संख्येनें हरिकेनच अधिक होतीं. अशीं चौदा हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. त्यांतलीं कांहीं आपल्या हवाईदलाकडेही आलीं. १९४४ सालीं जपानी सैन्यानें इंफाळला वेढा घातला, तेव्हां अर्जनसिंग यांच्या हाताखालीं आपल्या पहिल्या स्क्वाड्रनच्या वैमानिकांनीं याच विमानांतून शत्रूची टेहळणी केली. त्याच वर्षीं अर्जनसिंगांस डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हें पदक मिळालें. व पुढें २००२ सालीं ते मार्शल ऑफ दि एअर फोर्स झाले.

आतां इतकीं विमानें सोडून आम्हीं हेंच कां निवडिलें, तें सांगितलें पाहिजे. आमच्या माजघरांत एक जुनें छायाचित्र टांगलेलें आहे. त्यांत आखूड विजार घातलेला एक सडपातळ तरुण विमानाच्या शेपटीवर हात ठेवून उभा आहे. ते आमचे पणजोबा. ते वैमानिक नव्हते. विमानाच्या सांगाड्याची व अंगाची डागडुजी करणारे कारागीर होते. त्या कारागिरांस 'रिगर' म्हणत. आजोबा त्यांना 'अप्पा' म्हणतात. आजोबांची दृष्टि आतां फार मंद झाली आहे, आणि त्यांना त्या छायाचित्रांतला मनुष्य कोणता व भिंत कोणती एवढेंही नीट दिसत नाहीं. तेव्हां त्यांस हातांत धरतां येईल असें विमान करून द्यावें, व जमल्यास शाळेच्या प्रदर्शनांतही मांडावें, असा आमचा दुहेरी बेत होता. खरें बोलावयाचें तर दोहोंपैकीं बक्षिसाचा विचारच आमच्या मनांत अधिक होता.

विमान पेटींतून निघालें तें सुट्या तुकड्यांच्या रूपानें. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला पंख, चाकें, पंखा, वैमानिकाचें आसन असे सारे भाग झाडाला शेंगा लागाव्या तसे लागलेले होते. हा प्रकार कांहीं आजचा नव्हे. इंग्लंडांत १९३६ सालीं 'फ्रॉग पेंग्विन' या नांवानें प्लॅस्टिकचे असे सुटे भाग विकावयास निघाले, व त्यांचें प्रमाणही आमच्या विमानाचेंच होतें: खऱ्याचा बहात्तरावा हिस्सा. हें प्रमाण प्रथम विचित्र वाटतें; परंतु फूट व इंच यांत मोजलें म्हणजे त्यांतली सोय ध्यानांत येते. सहा फुटांचा मनुष्य बरोबर एक इंचाचा होतो, व चाळीस फुटांचें हरिकेन पावणेसात इंचांहून किंचित् कमी, म्हणजे जेमतेम वीतभर भरतें.

याच प्रमाणाची एक हकीकत विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावी. १९४२ सालीं अमेरिकेच्या आरमारानें त्या देशांतील शाळांस पांच लाख लहान विमानें करून देण्याची विनंति केली. मुलांनीं तीं लाकडांतून कोरावयाचीं व काळ्या रंगानें रंगवावयाचीं. प्रत्येक विमान खऱ्याचा बहात्तरावा हिस्सा असल्यामुळें तें पस्तीस फुटांवर टांगलें म्हणजे खरें विमान सुमारें अर्ध्या मैलावरून दिसावें तसें दिसे. सैनिकांस आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें हें क्षणांत ओळखतां यावें, यासाठीं हा खटाटोप होता. आम्हीं ही गोष्ट मौजेची म्हणून वाचली व विसरलों. ती पुन्हां आठवण्याचा प्रसंग लवकरच आला.

सुटीच्या पहिल्या दिवशीं आम्हीं सारे भाग साबणाच्या पाण्यांत धुतले. कारण सांच्यांतून निघतांना त्यांस तेलकटपणा लागलेला असतो व त्यावर रंग धरत नाहीं. मग नखें काढावयाच्या हत्यारानें एकेक भाग चौकटीपासून तोडला, पॉलिश पेपरनें घांसला, व जोडणीस आरंभ केला. विमानाच्या धडाचे डावें व उजवें असे दोन भाग असतात. ते चिकटविण्याचा जो द्रव मिळतो तो डिंकासारखा नसून प्लॅस्टिकच विरघळवितो, व दोन्ही कडा एकजीव होतात. हें ठाऊक नसल्यामुळें आम्हीं तो सढळ हातानें लाविला. परिणाम असा झाला कीं, वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झांकणावर आमच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. तो आजही तेथें आहे.

दुसरी चूक थोडक्यांत टळली. धडाच्या मागील अर्ध्या भागावर लांबच लांब बारीक उंचवटे होते. पुढचा भाग गुळगुळीत व मागचा असा खडबडीत, तेव्हां हा सांच्यांतील दोष असावा असें ठरवून आम्हीं ते घांसून टाकण्यास बसलों. पॉलिश पेपरचा आवाज ऐकून आजोबा जवळ आले.

"काय घासतां रे, पोरांनो?" त्यांनीं विचारिलें.

आम्हीं सांगितलें. त्यांनीं धड हातांत घेतलें, अंगठा मागच्या अंगावरून सावकाश फिरविला, आणि म्हणाले, "अरे, हा दोष नव्हे. ह्या बरगड्या आहेत. ह्या विमानाचें मागचें अंग कापडाचें असे. आंत पोलादी नळ्या, त्यांवर लाकडाच्या पट्ट्या, आणि वरून ताणून बसविलेलें तागाचें कापड. पट्ट्या कापडाखालून अशा दिसत. गोळी लागून कापड फाटलें कीं अप्पा तें शिवीत, वर ठिगळ लावीत, त्यावर रोगण देत. रोगण वाळलें म्हणजे कापड नगाऱ्याच्या कातड्यासारखें ताठ होई. अप्पा म्हणत, आम्हीं विमानाचे शिंपी."

आम्हांस मोठें नवल वाटलें. ज्या विमानांत त्या काळचें उत्तम इंजिन बसविलेलें, त्याचें अर्धें अंग सुईदोऱ्यानें दुरुस्त होत असे! आम्हीं पॉलिश पेपर बाजूस ठेविला. ज्या एका ठिकाणीं दोन बरगड्या आधींच झिजल्या होत्या, तेथें 'हें अप्पांचें ठिगळ' असें मानून आम्हीं समाधान करून घेतलें.

रंगाचें काम सर्वांत नाजूक. प्रथम करड्या रंगाचें पातळ अस्तर, मग पोटाकडे फिका करडा रंग, आणि वरच्या अंगास मातकट तपकिरी व गर्द हिरवा असे नागमोडी पट्टे. वरून पाहणाऱ्यास विमान शेतांत व झाडींत मिसळून जावें आणि खालून पाहणाऱ्यास ढगांत, हा त्यांतील हेतु. रंग जाड लागला कीं बारीक रेघा बुजतात. बहात्तराच्या प्रमाणांत एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरांहून अधिक जाड लेप! म्हणून पातळ रंगाचे तीन हात द्यावे, व दोन हातांमध्यें रंग पुरा वाळूं द्यावा. वाळूं देणें हें लावण्याहून कठीण आहे, हें धाकट्याच्या बोटांनीं दोनदां सिद्ध केलें.

शेवटीं खुणा लावावयाच्या. त्या एका कागदावर छापलेल्या येतात. कागद अर्धा मिनिट पाण्यांत भिजवून खूण हलकेच विमानावर सरकवावी लागते. आमच्या कागदावर १९४० सालच्या इंग्लंडमधील विमानाच्या खुणा होत्या: निळें वर्तुळ व त्याच्या मधोमध ठसठशीत तांबडा ठिपका. त्या लागतांच विमानास जणूं प्राण आला. प्रदर्शनास चार दिवस अवकाश होता. आम्हीं मोठ्या ऐटींत तें आजोबांपुढें ठेविलें व वर्णन करून सांगूं लागलों.

"मध्यें तांबडा?" आजोबांनीं मध्येंच विचारिलें.

"होय आजोबा, अगदीं लालभडक."

आजोबा कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विलायतेंतलें विमान असेल तर बरोबर आहे. ब्रह्मदेशाकडच्या विमानांवर तांबडा रंग नसे. जपान्यांच्या विमानांवर तांबडें सूर्यबिंब असे ना? घाईंत आपल्याच तोफा आपल्याच माणसावर चालूं नयेत म्हणून तांबडा काढून टाकिला होता. गर्द निळें वर्तुळ आणि मध्यें फिकें निळें, बस्स. नवीन आलेल्या विमानावरचा तांबडा ठिपका अप्पांनीं स्वतः कुंचल्यानें बुजविला होता. तें काम ते पट्टी लावून, पुनःपुन्हां पाहून करीत. पण राहूं द्या, तुमचें छान झालें असेल."

आम्ही माजघरांत जाऊन छायाचित्र पाहिलें. तें काळेंपांढरें, परंतु विमानाच्या कुशीवरील वर्तुळ लहान व दोनच छटांचें होतें, आणि मधली छटा फिकी होती. तांबड्याला तेथें जागाच नव्हती. आम्ही तें चित्र जन्मापासून पाहत होतों, पण आजवर पाहिलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हां दोघांत कडाक्याचें भांडण झालें. थोरल्याचें म्हणणें असें कीं, चारच दिवस उरले; खूण काढतांना रंग निघेल; परीक्षकांपैकीं कोणास हें कळणार? आणि आजोबांस तर तें दिसतही नाहीं. धाकटा एवढेंच म्हणाला, "अप्पांनीं जो पुसला तोच आपण परत काढला." त्यानंतर थोरल्यास बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. आजोबांस दिसत नाहीं, हें जें आपण कारण म्हणून पुढें केलें, त्याची त्यास रात्रभर लाज वाटत राहिली, हें येथें लिहिण्यास त्याची परवानगी आहे.

सकाळीं कोमट पाण्याच्या बोळ्यानें आम्हीं खुणा काढल्या. भय होतें तसेंच झालें. डाव्या पंखावरचा हिरवा रंग बोटभर सोलून निघाला. तो पुन्हां दिला. पण जुन्या व नव्या रंगाचा सांधा दिसतो तो दिसतोच. मग कंपासच्या टोंकास ब्लेडचा लहान तुकडा बांधून चिकटपट्टींत वर्तुळें कापलीं, पांढऱ्या रंगांत निळ्याचे दोन थेंब मिसळले, व एकेक वर्तुळ हातानें भरलें. सहांपैकीं दोन वर्तुळें किंचित् अंडाकृति झालीं. शेपटीवरील तांबड्या पट्ट्याचीही तीच वाट लाविली. प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं रंग पुरता वाळलाही नव्हता.

प्रदर्शनांत आमच्या विमानास बक्षीस मिळालें नाहीं. तें एका पवनचक्कीस मिळालें, व ती खरोखरच चांगली होती. आमच्या मेजापाशीं एक पाहुणे थांबले व हंसून म्हणाले, "बाळांनो, मधला तांबडा रंग द्यावयाचा राहिला वाटतें!" तेव्हां आम्हीं त्यांस सारी हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले. मग चष्मा पुसून त्यांनीं विमान पुन्हां एकदां वांकून पाहिलें. त्यांच्यामागें आणखी चारसहा मुलें गोळा झालीं, व तीच हकीकत आम्हांस त्या दिवशीं अनेकदां सांगावी लागली.

घरीं आल्यावर विमान आम्हीं आजोबांच्या हातीं दिलें. त्यांनीं अंगठा शेपटीकडून पुढें आणला, झिजलेल्या दोन बरगड्यांपाशीं क्षणभर थांबविला, व विचारिलें, "तांबडा?"

"काढला, आजोबा. डावीकडे रंग थोडा सोलला आहे."

"असूं दे," ते म्हणाले. "अप्पांच्या हातालाही ठिगळेंच यावयाचीं."

विमान आतां माजघरांत त्या छायाचित्राखालीं फळीवर असतें. जेवण झालें कीं आजोबा कधीं कधीं तें मागून घेतात, व आम्ही त्यांना वाढवणाच्या नव्या कामाविषयीं विचारतों. कारण पुढील सुटींत विमानाशेजारीं उभा करावयाचा इंचभर उंचीचा, आखूड विजारींतला एक मनुष्य आम्हांस करावयाचा आहे. त्याचा हात शेपटीवर कोठें ठेवावयाचा, तें आम्हांस ठाऊक आहे.