पेराखाली कापायचं

मनी प्लांट चोरून आणला तरच लाभतो म्हणतात. आमचा मात्र रीतसर मागून आणलेला. 2016 मध्ये सांगलीच्या आत्यानं एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली आणि ती एसटीनं साताऱ्याला आली. कृष्णा माहुलीवरून सांगलीकडे जाते, ही उलटी आली.

"पेराखाली काप गं. नुसतं पान पाण्यात ठेवशील तर वेल व्हायची नाही," ही आत्याची एकच सूचना. पेरावर तपकिरी गाठ असते, मुळं तिथूनच फुटतात. बाकीचं मी बघून शिकले. मातीत बोटाची दोन पेरं खुपसायची, कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात चार दिवसांनी, पावसाळ्यात कधी पंधरवड्यानं. पावसात पानं पिवळी पडली तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं, आणि लोक नेमकं तेव्हाच अजून पाणी घालतात! टांगलेल्या वेलाची पानं लहान राहतात, आधारावर चढवला की मोठी होतात. मला लोंबताच आवडतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. आत्याचं घर तळमजल्यावर. रस्ते सुरू झाल्यावर ती आमच्याकडे आली. फोटो गेले, गाद्या गेल्या, कुंड्या गेल्या, यातलं काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वेलाखाली उभी राहून म्हणाली, "हा माझाच आहे की."

शब्दशः खरं होतं ते. हा वेल मूळचा पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावरचा, आणि तो जवळपास फुलतच नाही. लागवडीतल्या वेलाला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद 1964 ची. जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पुरेसं तयार करता येत नाही, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं. फूल नाही, म्हणून बी नाही. फांदीवरून फांदी, एवढंच. आमच्या कुंडीत आत्याच्या वेलाचं पिल्लू नव्हतं, तोच वेल होता.

दिवाळीआधी ती परत गेली, तीन फांद्या घेऊन. भिंत रंगवली, पण पुराची रेघ ठेवली. खिळा रेघेच्या हातभर वर ठोकला. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा घरात आलं, पण रेघेपर्यंत पोचलं नाही. कुंडी कोरडी राहिली. तोवर खूप खाली उतरलेल्या शेंड्याची चार पानं गाळानं माखली. आत्यानं ती पुसली, कापली नाहीत.