कठडा वजा करून

3 ऑक्टोबर
नोकरीचा पहिला दिवस. पुरंदर तालुका, 22 विहिरी. टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप आत सोडायची, वर ओढायची. खडू भिजला तिथपर्यंत पाणी. एम.टेक. झाल्यावर हातात खडू.

4 ऑक्टोबर
कठड्याची उंची वजा करायची राहिली. नऊ विहिरींवर परत जाणं आलं. टाचेला फोड.

11 ऑक्टोबर
गावात पाण्याचा ताळेबंद मांडला. एक हेक्टर रान, 100 मिलिमीटर पाऊस, म्हणजे 10 लाख लिटर. फळ्यावर शून्यं मोजताना मीच अडखळले. मागून एक आजी, "जमा कळली बाई. खर्चाचं बोल." बोलले. वाटाणा, कांदा, अंजीर. उसापाशी आल्यावर निम्मी माणसं उठली.

19 ऑक्टोबर
आईचा फोन. "तुझं ते पाणी कायम आहे का कंत्राटी?"
कंत्राटी.

6 नोव्हेंबर
नायगाव. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी इथं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीमागे नाही, माणसामागे. माणशी अर्ध्या एकराला. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद.
आमच्या घरात माणसं चार. ऊस साडेचार एकर.

14 जानेवारी
संक्रांतीला घरी. विहिरीचं पाणी पार खाली गेलंय. अण्णा म्हणाले, "पाण्याचंच शिकलीस ना? बोअरची जागा दाखव. पाणाड्याचे पैसे वाचतील." सगळे हसले. मीही.
जागा दाखवली नाही.

2 मार्च
पाणाड्या येऊन गेला. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणे.

4 मार्च
झोप नाही. 2009च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या खाली गेली की ती 'खोल विहीर'. अण्णांनी गाडीवाल्याला 600 फूट सांगितलेत. दोनदा फोन लावला. दोन्हीदा पिकपाण्याचं बोलून ठेवला.

9 मार्च
रात्री आईचा फोन. 610 फूट. नुसता फुफाटा. अण्णा फोनवर आले नाहीत.

21 मार्च
घरी. बोअरच्या तोंडावर गोणपाट, त्यावर दगड. अण्णा जुन्या विहिरीपाशी. मी टेप काढली, खडू चोळला. ते वाकून बघत राहिले.
"किती?"
"कठडा वजा करून 11.40 मीटर."
"कठडा कशाला वजा करायचा?"
सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी माझं काही शेवटपर्यंत ऐकलं.

22 मार्च
जागतिक जलदिन. ऑफिसात बॅनर, भाषण, हार.
पिशवीत खडू सापडेना.