कसब आणि किंमत

'कसब' हा शब्द आमच्या सीमाभागात दोन्ही भाषांत सुखाने नांदतो. मराठीत हातातल्या कौशल्याला आपण कसब म्हणतो. कन्नडमध्ये 'कसबु' म्हणजे पोटापाण्याचा धंदा. शब्द मूळचा अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ कमाई. कौशल्य, धंदा आणि कमाई या तिन्ही गोष्टी ज्या काळी एका शब्दात मावत होत्या, त्या काळी हत्याराची किंमत कोणी फारशी विचारत नसावे. आज पहिला प्रश्न किमतीचाच असतो. मला हा प्रश्न मलप्रभेच्या काठी पडला, आणि मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे तो वहीत मांडून पाहण्याचा मोह आवरला नाही.

माझे आजोळ खानापूर तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. आजोळापर्यंत येते तेव्हा ती अजून पोरवयातच असते. मामा शेतकरी. भात पोटरीला आले आणि शेतातले काम हलके झाले, की ते गळ घेऊन नदीवर जातात. विकण्याइतके मासे क्वचितच मिळतात; घरच्या कालवणापुरते आणि शेजारी वाटीभर देण्यापुरते बहुधा मिळतात.

मामांच्या साहित्याची यादी एका दमात संपते. कुंपणातला चिवा, चार-पाच वाव नायलॉनची दोरी, एक गळ, वजनाला शिशाचा तुकडा, पाण्यावर तरंगायला जोंधळ्याच्या ताटाचे बोटभर कांडे, आणि उकिरड्याच्या कडेची गांडुळे. मी हिशेब केला. चिवा फुकट, गांडुळे फुकट. बाकीचे सारे मिळून पन्नास रुपयांच्या आत.

रविवारी याच काठावर शहरातली मंडळी येतात. त्यांच्याजवळ कार्बनच्या काठ्या असतात, चकचकीत रिळे असतात, विणलेली बारीक दोरी असते, आणि मरळ फसावी म्हणून रबराचे बेडूक असतात. एकेका बेडकाची किंमत मामांच्या सगळ्या साहित्याच्या कितीतरी पट. त्यांना हसावे असे मला वाटत नाही. आठवडाभर कचेरीत बसलेला माणूस एक दिवस पाण्याकडे बघत बसतो, यात वाईट काय? पण त्यांना पाहून गावातल्या पोरांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे, की असली काठी नसेल तर मासा लागतच नाही. चिवा घेऊन नदीवर जायला त्यांना आता लाज वाटते.

माझा मामेभाऊ त्यांतलाच. तो माझ्याच वयाचा. उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहे. गेल्या वर्षी त्याने काठी, रीळ, दोरी आणि दोन रबरी बेडूक मिळून सात हजारांच्या वर खर्च केला, तोही हप्त्यांनी. मामी चार दिवस कोणाशी नीट बोलल्या नाहीत. मामा एवढेच म्हणाले, "मासा काठीची किंमत बघत न्हाई रे."

मामांचे खरे साहित्य माझ्या यादीत आलेच नव्हते. पाऊस पडून गेल्यावर पाणी किती दिवसांनी निवळेल, हे त्यांना ठाऊक असते. प्रवाह खडकाला अडून मागे जिथे संथ होतो तिथे मासा दम खात थांबतो, आणि वाहत्या पाण्यातून जे खाद्य येते त्यावर टपून बसतो, हे त्यांना ठाऊक असते. काठावर ते जड पाय टाकत नाहीत, कारण मासा पावलाची थरथर अंगाने ओळखतो. उभे राहत नाहीत, कारण पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो आणि काठावर ताठ उभा राहिलेला माणूस माशाला सहज दिसतो. आमच्या शाळेत हा धडा 'प्रकाशाचे वक्रीभवन' या नावाने होता. त्यातली पेल्यातली पेन्सिल मला परीक्षेपुरती आठवली. मामांनी तो धडा वाचलेला नाही. ते नुसते खाली बसतात.

मरळीचे तर त्यांचे वेगळेच शास्त्र. मरळीला पाण्यातल्या हवेवर भागत नाही. ठरावीक वेळाने वर येऊन तिला श्वास घ्यावा लागतो. ती वर येते तेव्हा पाण्यावर जो बारीकसा चुबुक आवाज होतो, त्यावरून मामा तिची जागा आणि अंदाजाने वजनही सांगतात. मी त्यांच्या शेजारी बसून तोच आवाज ऐकतो. मला तो बेडकाचाही वाटतो, पडलेल्या पानाचाही वाटतो.

एका रविवारी मामेभाऊ सकाळपासून नवी काठी फेकत होता. दुपारपर्यंत काही लागले नाही, तेव्हा तो वैतागून बाजूला बसला. मामांनी ती काठी मागून घेतली. रीळ फिरवायचे कसे ते त्याच्याकडूनच विचारून घेतले. दोनदा दोरी गुंतली. तिसऱ्या खेपेला पलीकडच्या लव्हाळ्याच्या कडेला त्यांनी तो रबराचा बेडूक अलगद टाकला, आणि थोड्याच वेळात चांगली दोन किलोंची मरळ काठावर आली. काठी परत देताना मामा म्हणाले, "काठी चांगली हाय की. आमच्या चिव्यानं तेवढ्या लांब गेलंच नसतं. पण हितं टाकायची न्हवती, तिथं टाकायची व्हती."

या एका वाक्यात मला अवजाराची आणि कसबाची सगळी वाटणी सापडली. अवजार पल्ला वाढवते, जोर वाढवते, श्रम वाचवते. कुठे टाकायचे, ते अवजार सांगत नाही.

आपल्या राज्यातच याचे मोठे उदाहरण आहे. कावेरीच्या खोऱ्यातला महसीर हा गळाला लागणाऱ्या माशांत बलाढ्य समजला जातो. 1873 साली हेन्री सलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक मंगळुरात छापले गेले, तेव्हापासून साहेबलोक उत्तमोत्तम काठ्या घेऊन या माशाच्या मागे लागले. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर धरला. एवढा मासा चिव्याने निघणार नाही. तिथे मजबूत काठी आणि लांब दोरीचे रीळच हवे. पण कावेरीकाठी या राजेशाही माशाला आमिष म्हणून काय लावत, तर शिजवलेल्या नाचणीचा गोळा! काठी परदेशी, नाचणी गावची. मासा कोणत्या डोहात बसतो हेही काठावरच्या माणसांकडूनच कळायचे. छायाचित्रात मात्र मासा, काठी आणि साहेब एवढेच उरतात.

मग किंमत हत्याराचीच का वाढत जाते? मला वाटते, उत्तर बाजाराच्या स्वभावात आहे. दुकानदाराला विकता येते ती वस्तू. तिला नवे नाव देता येते, दर वर्षी थोडे बदलता येते, मागच्या वर्षीची जुनी ठरवता येते. कसब पिशवीत भरून देता येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व्हेब्लेन याने 1899 साली दाखवून दिले, की माणूस कित्येक वस्तू वापरण्याइतक्याच मिरवण्यासाठी घेतो. आपल्या पाठ्यपुस्तकातला घटत्या उपयोगितेचा नियमही इथे लागू पडतो. चिव्यावरून साध्या काठीवर गेल्याने बराच फरक पडतो. साध्या काठीवरून महागड्या काठीवर गेल्याने फरक पडतो तो थोडाच, पैसे मात्र कितीतरी अधिक जातात.

हे सगळे मी मामेभावाला मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्याने दिलेल्या उत्तरावर माझा नियम अडला. तो म्हणाला, "तुझं बरोबर हाय. पण बाबांनी चाळीस पावसाळे नदीवर काढलेत. मला आठवड्याला एक सुटी, त्यात कधी ओव्हरटाइम. चाळीस पावसाळे मी कुठनं आणू? पैसे हायत म्हणून पैसे घातले."

तेव्हापासून मी या प्रश्नाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मामांचे साहित्य पन्नास रुपयांचे, हा माझा हिशेबच अपुरा होता. त्यात चाळीस वर्षांच्या संध्याकाळी धरल्याच नव्हत्या. कसबाची किंमत वेळेत भरावी लागते, आणि ज्याने आपला वेळ पगारावर विकला आहे त्याच्याजवळ ती भरायला शिल्लक राहत नाही. मग तो पैशाने वस्तू घेतो आणि वेळेची भरपाई झाली असे मानतो. या व्यवहाराला दिखाऊपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण फौंड्रीच्या भट्टीसमोर आठ-दहा तास उभे राहणाऱ्याला ते म्हणायचा अधिकार मला तरी नाही.

तरीही एका गोष्टीची भरपाई वस्तूने होत नाही, आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. मृगाचा पहिला पूर आला की मासे ओढ्यांतून उलटे वर चढतात, भाताच्या खाचरांत अंडी घालतात. या चढणीच्या माशांच्या पोटात गाभोळी असते. गावात त्यांच्यावर झुंबड उडते. मामा त्या पंधरवड्यात नदीकडे फिरकत नाहीत. मरळीच्या तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला, तर खाली आई-बाप राखणीला आहेत हे ओळखून ते गळ गुंडाळतात. त्या वेळी मरळ चटकन अंगावर येते, धरायला सोपी असते. म्हणूनच ते धरत नाहीत. केव्हा थांबायचे हे त्यांच्या कसबाचेच अंग आहे. हे ज्ञान नसलेल्या हातात हत्यार जितके जबर, तितका नदीला धोका. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारायला 1897 च्या कायद्यानेच बंदी घातली, ती उगाच नव्हे. कावेरीतल्या ज्या वशिंडाच्या महसीराची एवढी ख्याती, त्याचे शास्त्रीय नाव 2018 साली निश्चित झाले, आणि आज तो नामशेष होण्याच्या काठावर असलेल्या जातींत गणला जातो. त्याच्या या दशेला धरणे, सुरुंग, बाहेरून आणून सोडलेले दुसऱ्या जातीचे महसीर अशी अनेक कारणे आहेत. काठ्या मात्र दिवसेंदिवस सुधारतच गेल्या.

मित्रहो, नदी सोडून आपल्या वर्गात येऊ. मी मराठी माध्यमातून आलो. पहिल्या वर्षी अकौंटन्सीचे इंग्रजी पुस्तक उघडले तेव्हा 'डेप्रिसिएशन' म्हणजे आपला घसारा, हे कळायलाच आठवडा गेला. आता शेवटच्या वर्षाच्या तोंडावर खासगी क्लासची चर्चा आहे. फी बाबांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. सोबत टॅब, छापील नोट्स, तयार उत्तरे. बाबांनी रात्री जेवताना विचारले, "भरायची का? सांग, करू काहीतरी." क्लास वाईट असतो असे मी म्हणत नाही, मामांच्या हातात कार्बनची काठीही चालली. पण गळ कुठे टाकायचा हे आधी मला कळते का, हे तपासून पाहावे असे ठरवले. "पहिलं सत्र मला नुसतं पुस्तक आणि ग्रंथालय यांवर काढू द्या, मग बघू," असे मी त्यांना सांगितले. निकाल काय लागेल तो लागो. माझ्याजवळ मामेभावापेक्षा एक गोष्ट अधिक आहे, ती म्हणजे वेळ. आणि ती फार दिवस राहणार नाही.

ताळेबंदात काठी ही मालमत्ता म्हणून दाखवता येते आणि दर वर्षी तिच्यावर घसारा काढावा लागतो. माणसांच्या अंगच्या कौशल्याला मात्र हिशेबाच्या नियमांत सहसा मालमत्तेची जागा मिळत नाही, कारण माणूस निघून गेला की ते त्याच्याबरोबर जाते. नियम म्हणून हे योग्यच आहे. म्हणूनच सध्या मी एक वेगळी वही घातली आहे. मामांच्या शेजारी एक कन्नड अज्जा गळ टाकून बसतात. आपण ज्याला गळ म्हणतो त्याला ते 'गाळ' म्हणतात. दोघे सांगतात तसे मी दोन्ही भाषांत लिहून घेतो: कोणत्या नक्षत्रात कोणता मासा, कोणत्या डोहात, कोणते आमिष, आणि कोणत्या दिवसांत अजिबात जायचे नाही. वही वाचून मला मासे धरता येणार नाहीत, हे अज्जांनी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितले. मामेभाऊ मात्र परवा ती वही मागून घेऊन गेला, आणि येत्या सुटीला त्याने ओव्हरटाइम घेतलेला नाही.