इंजिन बांधायचे की कारण शोधायचे?

"ट्रॅक्टर तापतो आणि बंद पडतो." ही तक्रार तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजवर सांगा, दोन मिनिटांत निकाल मिळतो : इंजिन बांधावे लागेल. पिस्टन, लायनर, रिंगा, हेड गॅस्केट आणि वर मजुरी. आमच्या गटाला गेल्या मे महिन्यात हाच निकाल मिळाला. आकडा होता ४५ हजार. बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलेला आकडा. रोहिण्या तोंडावर आलेल्या, ११ घरांची नांगरट एका जुन्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर अवलंबून आणि गटाच्या खात्यावर बियाण्यासाठी राखलेल्या पैशांशिवाय काही नाही.

मित्रांनो, चळवळीच्या लिखाणात हे डिझेल-ग्रीस कशाला, असे काही जण विचारतील. म्हणून आधी ते सांगतो.

काळ्या रानात पाऊस पडून गेला की वापसा दोन-चार दिवसांचा असतो. त्या दोन-चार दिवसांत ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याचे रान आधी होते, मग त्याच्या भावकीचे, मग रोख पैसे मोजणाऱ्याचे. आमच्या वस्तीचा नंबर लागेपर्यंत एकतर माती दगड झालेली असते, नाहीतर दुसरा पाऊस येऊन चिखल झालेला असतो. भाडे मात्र सगळ्यांना सारखे! बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी क्षेत्रफळाच्या आकड्यावर भांडणाऱ्यांना हाच मुद्दा ऐकवला होता. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरावर ठरत नाही, ती कसायला हाताशी भांडवल आणि अवजारे किती आहेत यावर ठरते. आमच्यातल्या बहुतेकांकडे दीड-दोन एकर गायरान आहे. वापशाच्या दिवशी ट्रॅक्टर नसेल तर ते दीड एकरही आमच्यासाठी जास्तच.

गायरानाची आणखी एक गोष्ट शहरातल्या आपल्या पोरांना माहीत नसते. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलितांची गायरानावरची वहिती नियमित करण्याचा निर्णय शासनाने घेतला, पण कागदाची लढाई घरोघर अजून चालू आहे. तिथे रान कसलेले दिसावे लागते. एक हंगाम पड राहिली की गावातले लोक बोट दाखवायला तयारच असतात, "बघा, कसत तर नाहीत, मग जमीन कशाला?" म्हणजे इंजिन बंद पडले की नुसती पेरणी हुकत नाही, ताब्याचा पुरावाही हुकतो. आता सांगा, फॅनबेल्ट हा चळवळीचा विषय आहे की नाही?

तर कारण शोधायला आम्ही बसलो. आमच्यात एक तात्या आहेत. २० वर्षे मोठ्या बागायतदाराकडे सालगडी होते, ट्रॅक्टर तेच चालवायचे. स्टिअरिंग त्यांच्या हातात, पाना मात्र मालकाच्या माणसाच्या हातात. इंजिन उघडले की तात्यांना चहा आणायला पाठवायचे. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जातीने नुसती कामे वाटली जात नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात आणि खालीवर रचली जातात. ती रचना आम्ही पुस्तकात वाचली, तात्यांनी ती पान्यात पाहिली. दुसरी आमच्या गटातल्या एका मावशीची मुलगी, आयटीआयला डिझेल मेकॅनिकला आहे. तिच्याकडे पुस्तक, तात्यांकडे कान. दोघांना समोरासमोर बसवले तेव्हा कुठे काम सुरू झाले.

पोरीने पहिला प्रश्न असा विचारला, जो गॅरेजवाल्याने विचारलाच नव्हता. "तात्या, बंद पडताना कसं पडतं?"

तात्या म्हणाले, "आधी दम जातो. मग हुंदके दिल्यावानी वर-खाली, वर-खाली होतं. मग गप."

"आणि लगेच सेल्फ मारला तर?"

"फिरतं की. हलकं फिरतं. पण घेत नाही. अर्ध्या तासानं घेतं."

इथेच निम्मा निकाल लागला. उष्णतेने पिस्टन फुगून इंजिन धरले असते, तर ते जड होत होत थांबले असते आणि सेल्फला सहज फिरले नसते. हुंदके देत विझणारे इंजिन उपाशी असते, त्याला डिझेल पोचत नसते. मग तिने आणखी विचारले, काटा लाल पट्ट्यात नसताना कधी बंद पडला का? तात्यांना आठवले, एकदा पहाटे गारव्यात रिकामी ट्रॉली घेऊन निघाले होते, काटा जागेवर होता, तरी तासाभराने तसाच विझला. म्हणजे तापणे हा एक रोग आणि बंद पडणे हा दुसरा. दोन्ही एकाच वेळी दिसतात म्हणून एकाने दुसरा झाला, हे आपण धरून चाललो होतो. अर्ध्या तासाने चालू होतो, म्हणजे थंड झाल्यामुळे चालू होतो, असे सगळे गाव म्हणत होते. पण त्या अर्ध्या तासात थंड होण्याशिवाय आणखी काही घडत असेल का, हे कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम चालवला. विझल्याबरोबर पोरीने कशालाही हात न लावता आधी डिझेल टाकीचे झाकण सैल केले. फुस्स करून हवा आत ओढली गेली. मूळ झाकण कधीच हरवलेले. आधीच्या मालकाने दुसरेच कसले तरी झाकण बसवून, हिंदकळून डिझेल सांडू नये म्हणून खाली प्लास्टिकची पिशवी आणि ट्यूबचा तुकडा घट्ट दाबलेला. मूळ झाकणाला हवा आत जायला बारीक वाट असते. डिझेल जितके कमी होईल तितकी हवा आत आली पाहिजे. ती आली नाही तर टाकीत निर्वात तयार होतो, फीड पंप ओढून ओढून थकतो आणि इंजिन उपाशी मरते. अर्धा तास उभे राहिले की फटीफटीतून हवा हळूहळू शिरते, मग पुन्हा चालू. खात्री करायला झाकण काढून तोंडावर स्वच्छ फडके बांधले आणि दोन तास चालवला. एकदाही विझला नाही.

(झाकणाला खिळ्याने भोक पाडायचा मोह होतो. पाडू नका. पावसाचे पाणी आणि धूळ सरळ टाकीत जाते आणि मग पंप, नॉझल दोन्ही खराब. त्या मॉडेलचे झाकण विकत मिळते, काही शे रुपयांत.)

त्याच बैठकीत टाकीखालची काचेची वाटी काढली, तळाशी बोटभर गाळ आणि पाणी होते. दोन्ही फिल्टर बदलले. फिल्टर बदलला की आत हवा राहते, ती काढावी लागते. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची हाताची दांडी मारत राहायचे, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. मग पंपावरचा स्क्रू, शेवटी नॉझलच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ. नळीतून उडणाऱ्या डिझेलच्या धारेपुढे हात धरू नये. तिचा दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत घुसते, आणि मग हात जाण्याची वेळ येते. हे तात्यांनाही कोणी सांगितले नव्हते.

राहिले तापणे. सकाळी, इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडले. हे नेहमी थंडच असताना. तापलेल्या रेडिएटरचे झाकण काढून चेहरा भाजून घेतलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर हेड तडकते. पाणी चार बोटे कमी होते. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले आणि पाण्याकडे बघत बसलो. हेड गॅस्केट गेले असते तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येऊन सतत बुडबुडे आले असते. आले नाहीत. ऑईलची पट्टी काढून पाहिली, ऑईल काळे होते पण दुधाळ झालेले नव्हते. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. म्हणजे ज्या गॅस्केटच्या नावाने ४५ हजार मागितले होते, ते गॅस्केट बिचारे आपल्या जागी शाबूत होते.

मग बाहेरून आत गेलो. फॅनबेल्ट अंगठ्याने मधोमध दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा, आमचा त्याच्या दुप्पट दबत होता आणि काचेसारखा गुळगुळीत झालेला. पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही त्याच पट्ट्यावर चालतात, पट्टा घसरला की हवाही कमी आणि पाणीही कमी. रेडिएटरची जाळी पुढून स्वच्छ दिसत होती, पण बॅटरी दिव्याने आरपार पाहिले तर सोयाबीनच्या भुश्शाने आणि धुळीने गच्च. ती इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट्या दिशेने, साध्या पाइपने धुवायची. जोराची धार मारली की जाळीची पाती मुडपतात.

थर्मोस्टॅटची जागा रिकामीच होती. "तापतोय" म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक दवा. काही इंजिनांत त्याने पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेने परत इंजिनात फिरत राहते आणि ते उलट जास्त तापते. नवा आणला, बसवण्याआधी पातेल्यात पाण्यासोबत उकळायला ठेवला. पाणी उकळण्याच्या बरेच आधी, साधारण ८० अंशांच्या आसपास त्याने तोंड उघडले. वस्तीतली सगळी लहान पोरे चुलीभोवती ते बघायला जमली होती.

पण खरा रोग आत होता. खालचा होज काढून वरून बादली ओतली, तर पाणी बदाबदा पडण्याऐवजी म्हाताऱ्या माणसाच्या लघवीसारखे थेंबथेंब. नळ्यांत क्षार बसलेले. जुना पितळी रेडिएटर असल्याने धुण्याचा सोडा विरघळवून भरला, अर्धा तास इंजिन चालवले, थंड होऊ दिले, सोडले. गंजाचा लाल गाळ आणि पांढरे पापुद्रे निघाले. दुसऱ्यांदा केले तेव्हा कुठे पाणी नितळ आले. (ॲल्युमिनियमच्या नव्या रेडिएटरला सोडा वापरू नये, तो धातूच खातो.)

ते पापुद्रे हातात घेऊन मावशी म्हणाल्या, "हे तर आमच्या पातेल्याच्या बुडाला रोजच असतं." बरोबरच आहे. इंजिनात जाते तेच बोअरचे पाणी वस्ती पिते. आता रेडिएटरसाठी आम्ही पावसाचे पाणी पिंपात साठवतो, त्यात कूलंट मिसळतो. माणसांसाठी अर्ज दिला आहे. रेडिएटरची सोय आधी झाली, हे लिहिताना आनंद होत नाही.

ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीला आधीच्या मालकाची लिंबू-मिरची अडकवलेली होती. आपल्यातलेही एक-दोघे म्हणत होते, अमावस्येला घेतला म्हणून असे होते. २२ प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरांत हे बोलणे ऐकून आम्हांला राग आला. पण नीट पाहिले तर "नजर लागली" आणि "इंजिन बांधावे लागेल" ही एकाच जातकुळीची वाक्ये आहेत. दोन्ही म्हणणारा बघायचे थांबवतो. हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही, हे बुद्धाने सांगितले, आणि आपण ते वंदनेपुरते ठेवले. झाकण सैल केले की विझत नाही, घट्ट केले की विझतो. तेच सूत्र टाकीच्या तोंडावर लावून पाहिले की कळते.

मिस्त्रीला शिव्या देऊन मात्र भागणार नाही. कारण शोधायचे पैसे त्याला कोणी देत नाही. दोन तास डोके लावून त्याने झाकण सैल केले असते तर आपण त्याच्या हातावर ५० रुपये टेकवले असते. इंजिन बांधले तर त्याचे घर चालते.

आमचा सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला. त्यानंतर जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या रकमेचा पान्यांचा सेट घेऊन विहाराच्या कपाटात ठेवायचा ठराव आला, तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने कडाडून विरोध केला. "बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हणून सांगितले. तुम्ही पोरांना पुन्हा काळे हात करायला शिकवता?" हा प्रश्न हलका नाही आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. पण बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते जातीने लादलेले काम, गावकीचे वतन, मेलेले ढोर. त्याच बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्या, अशी मागणी केली होती. यंत्राचे ज्ञान आपल्या हाती यावे, ही त्यांचीच मागणी आहे. आणि ज्यांना खेडे सोडता आलेले नाही त्यांनी तोवर कोणाच्या ट्रॅक्टरची वाट बघायची?

शासनाची मिनी ट्रॅक्टरची योजना आहे, अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान. गटांनी ती जरूर घ्यावी, आंतरमशागतीला आणि फवारणीला ती कामाची आहे. पण ९ ते १८ हॉर्सपॉवरचा तो गडी खोल काळ्या रानात पलटी नांगर ओढत नाही. त्यासाठी हा म्हातारा लागतोच.

ठराव सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. विरोध करणाऱ्या ज्येष्ठांनीच नंतर पान्यांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून कपाटावर चिकटवली. नांगरटीचा क्रम आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवला, फक्त एकट्या बाईचे रान आणि ज्यांच्या ताब्याची केस चालू आहे ते रान चिठ्ठीच्या आधी. वही पोरीकडे आहे. तास किती चालला, पाणी किती घातले, डिझेल किती, काटा कुठवर गेला, सगळे त्यात रोज लिहायचे. मृगाचा पहिला पाऊस झाला तेव्हा सलग सहा तास चालल्याची नोंद आहे, काटा मध्यावर.

फीड पंपाजवळ अजून थोडे डिझेल पाझरते. तो येत्या रविवारी सकाळी विहारासमोर उघडायचा आहे. येणाऱ्यांनी जुने कपडे घालून यावे, आणि बहिणींना सोबत आणावे.