शून्यातून वजाबाकी
लेस्टर, मंगळवार. आज पुन्हा त्या गोड गळ्याच्या माणसाचा फोन. "बिझनेस रेट्स कमी करून देतो, फक्त 450 पौंड आगाऊ." बिझनेस रेट्स म्हणजे दुकानाच्या जागेवरचा कर. थाट असा, जणू सरकारी व्हॅल्युएशन ऑफिसातूनच बोलतोय. गेल्या वर्षी अशाच एकाला सही आणि पैसे देऊन बसलो. नंतर त्यानं फोनही उचलला नाही.

माझ्या दुकानाची रेटेबल व्हॅल्यू, म्हणजे वर्षाचं अंदाजी भाडं, 11,500. इंग्लंडात एकच दुकान असेल आणि हा आकडा 12,000 पौंडांच्या आत असेल, तर सवलतीनं रेट्स शून्य! कौन्सिलकडे अर्ज फुकट. हे मला सांगितलं कुणी, तर शेजारच्या सलूनवाल्यानं.

फोनवाल्याला विचारलं, "बाबा रे, शून्यातून किती कमी करशील?"

क्षणभर गप्प. मग म्हणाला, मॅनेजरला विचारून कळवतो.